समरभाईनं सांगितलं म्हणून

साप चावलेला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा तो स्वतः फारसं बोलत नाही. बोलतात ती त्याच्याबरोबर आलेली माणसं, आणि सगळी एकदम बोलतात. कोणी म्हणतो काळा होता, कोणी म्हणतो पिवळा. कोणी हात पसरून लांबी दाखवतो आणि सांगता सांगता त्याचे हात आणखी पसरत जातात. त्या गलक्यात माणसाच्या पापण्यांकडे, हिरड्यांकडे, श्वासाकडे लक्ष ठेवणं हे माझं काम होतं. बुऱ्हाणपुरात सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात मी स्टाफ नर्स होते. नोकरीतली बहुतेक वर्षं तिथंच गेली. लोक मला नावानं ओळखत नाहीत. बाजारात भाजी घेतानासुद्धा मी ‘सिस्टर’च.

आमचा सगळा पट्टा केळीचा. शाहपूरकडे निघालात की दोन्ही बाजूंना बागाच बागा. बागेत कायम ओल, खाली वाळलेल्या पाल्याचा थर. पाल्यात उंदीर आणि उंदरांच्या मागं साप. त्या पाल्यात आमची माणसं अनवाणी फिरतात, वाकून पाला ओढतात, बुंध्याशी फुटलेली केळीची पिलं कापतात. चौमासा लागला की आमच्या विभागात सापाचा पेशंट नाही असा दिवस विरळाच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, साप म्हणजे साप आणि विष म्हणजे विष. तसं नसतं. नाग आणि मण्यार यांचं विष माणसाला झोपवतं. आधी पापण्या जड होतात, मग जीभ, मग गिळणं, मग श्वास. मण्यार तर अशी चावते की कित्येकदा खूणही सापडत नाही. घोणस आणि फुरसं यांची तऱ्हा निराळी. त्यांच्या विषानं रक्त बिघडतं, गोठायचं विसरतं. हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं, सुई टोचली तिथून येत राहतं. त्याची परीक्षा अगदी साधी असते. पेशंटचं थोडं रक्त काचेच्या कोऱ्या नळीत घ्यायचं, हलवायचं नाही, थोडा वेळ तसंच उभं ठेवायचं. मग नळी तिरपी करायची. रक्त थिजलेलं असेल तर आपणही श्वास सोडायचा. पाण्यासारखं वाहिलं तर औषध चढवायचं. औषध घोड्याच्या रक्तापासून करतात, म्हणून काहींना ते सोसत नाही; अंग थरथरतं, पुरळ उठतं, कधी दम कोंडतो. त्यासाठी दुसरं इंजेक्शन भरून उशाशी तयार ठेवावं लागतं.

एवढं सगळं आम्हाला येत होतं. उपयोग मात्र थोडाच व्हायचा, कारण माणसं आमच्याकडे यायचीच उशिरा. आधी भगत. तो कडुनिंबाचा पाला फिरवणार, ताट वाजवणार, पाठीला थाळी चिकटवणार. चाव्याच्या वर दोरी इतकी आवळलेली की पाय वांग्यासारखा जांभळा. मग कोणाला तरी सुचायचं की दवाखान्यात न्यावं. आम्ही दोरी सोडायला घेतली की नातेवाईक हात धरायचे. ‘सिस्टर, विष वर चढेल!’ ते केव्हाच चढलेलं असायचं.

गमतीही होत. एकदा एक शेतकरी दुधाच्या कॅनमध्ये जिवंत साप घेऊन आला आणि कॅन माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, “बघून घ्या, हाच व्हता.” झाकण सैल होतं. सगळा वॉर्ड एका दमात रिकामा झाला. कालपर्यंत ज्यांना उठवत नव्हतं ते पेशंटही अंगणात उभे. दुसरा एक जण धामण चावली म्हणून आला. धामणीला विष नसतं. पण भीतीनं त्याची नाडी इतकी पळत होती की घरच्यांनी रडायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी त्याला समजावलं, मी समजावलं, तो ऐकेना. शेवटी साध्या सलाईनची बाटली लावली आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, भारीतलं औषध आहे. संध्याकाळी तो चहा मागायला लागला.

असं चाललेलं असताना टीव्हीवर समरभाई आला.

त्याचं पूर्ण नाव इथं लिहीत नाही. तो आता नाही, आणि आमच्याकडे त्याला सगळे समरभाईच म्हणत. प्राण्यांवरचा त्याचा हिंदी कार्यक्रम घराघरात लागायचा. रुंद खांदे, डोक्याला खाकी रुमाल, एका कानात बाळी. जंगलात पोटावर सरपटत जायचा, आवाज एकदम खाली आणायचा आणि हातभर अंतरावरच्या नागिणीकडे बघत म्हणायचा, “देखिए, ये गुस्सा नहीं कर रही. ये डर रही है.” मग अलगद शेपटी धरायचा, उचलायचा. कधी फण्याच्या मागच्या बाजूला ओठ टेकवायचा. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. आणि शेवटी दर वेळी हात जोडून एकच सांगणं: साप मारू नका, आणि चावला तर झाडफूक नको, सरळ अस्पताल.

हे आम्हीही सांगत होतो. भिंतीवर तक्ते लावले होते, गावोगाव जाऊन बोललो होतो. पण आम्ही पांढऱ्या साडीतली सरकारी माणसं. आणि तो नागिणीला उचलून सांगत होता.

त्याच्या सांगण्यानं काय बदललं हे मला पहिल्यांदा कळलं ते कमलबाईमुळं. शाहपूरजवळच्या एका गावची ही विधवा बाई बागेत मजुरीला जायची. सकाळी पाला ओढताना मनगटाजवळ घोणस चावली. तिच्या दिराचं म्हणणं, खकनारकडच्या भगताकडे न्यावं. पण तिचा एकुलता एक मुलगा दिनेश काकाच्या अंगावर धावून गेला. वायरिंगची कामं करणारा, पंचविशीतला पोरगा. त्यानं आईला मोटारसायकलवर बसवलं, पडू नये म्हणून मागं शेजारीण बसवली, आणि थेट आमच्या दारात आणून उभी केली. हाताला दोरी नाही, चीर नाही, हळद नाही. मी चकित झाले.

“इतक्या लवकर कसे आले रे?” मी विचारलं.

“समरभाईने सांगितलं ना टीव्हीवर,” तो म्हणाला. “हात हलवायचा नाही, बांधायचा नाही, टाइम नाही घालवायचा.”

नळीतलं रक्त पाण्यासारखं वाहिलं. औषध सुरू केलं तशी कमलबाईला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. माझा हात धरून म्हणाली, “सिस्टर, मले थंडी काबरं वाजते? मी मरते का?”

“मरत नाहीस. औषध नवीन आहे, अंग कुरकुर करतंय. थांब जरा.”

ती थांबली. तिसऱ्यांदा भरलेली नळी मी तिरपी केली तेव्हा रक्त तळाशी थिजून बसलं होतं. मी ती नळी दिनेशला दाखवली. त्याला काय बघायचं ते कळलं नाही, पण माझं तोंड बघून कळलं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. कमलबाई घरी गेली तेव्हा हाताची दोन बोटं थोडी वाकडी राहिली होती, तेवढंच.

त्यानंतर तशी माणसं येतच राहिली. ‘समरभाईनं सांगितलं म्हणून आलो.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की वॉर्डातल्या पोरी थट्टेनं म्हणायच्या, आपला खरा सिव्हिल सर्जन टीव्हीत बसतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माणसं जगत होती.

पुढच्या हिवाळ्यात समरभाई स्वतः शाहपूरला आला. केळीच्या बागा आणि त्यातले साप यांवर त्याला एक भाग करायचा होता. मोठ्या गाड्या आल्या, बागांच्या बांधावर ही गर्दी. त्याला आमचा वॉर्डही बघायचा होता. मला वाटलं, आता दिवे, कॅमेरे, धावपळ. तसं झालं नाही. आधी तो एकटाच आला, चपला बाहेर काढून. एका म्हाताऱ्या पेशंटजवळ स्टूल ओढून बसला, त्याच्या सुजलेल्या पायाकडे बघत राहिला. मग त्याला विचारलं, “बाबा, फोटो निकालूँ? नहीं बोलोगे तो नहीं निकालूँगा.” म्हातारा नाही म्हणाला. समरभाईनं मान हलवली आणि फोटो काढला नाही. त्या दिवशी मला तो आवडला, हे खोटं कशाला सांगू? आजही आवडतो.

मला म्हणाला, “सिस्टर, लोग सबसे बड़ी गलती क्या करते हैं?”

मी म्हटलं, “दोरी. तुम्ही सांगता, तरी बांधतात.”

त्यानं ते कार्यक्रमात घातलं. कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या दंडाला दोरी आवळून दाखवली, हात काळानिळा होईपर्यंत थांबला, आणि म्हणाला, हे काम सापाचं नाही, दोरीचं आहे. त्या एका दृश्यानं आमच्या तालुक्यात किती हातपाय वाचले असतील ते मी सांगू शकत नाही.

त्याच भागात कमलबाई होती आणि दिनेश होता. बागेत शूटिंग झालं तेव्हा मीही गेले होते, सुट्टी काढून. आईला कसं आणलं ते दिनेशनं धडधड सांगितलं. समरभाई खूश झाला. त्याच्या माणसांनी एक नाग आणून ठेवला होता. समरभाईनं तो काठीनं सावरला आणि त्याची शेपटी दिनेशच्या हातात दिली. “पकड़. डर मत. मैं हूँ ना.” नाग फणा काढून दुसरीकडे बघत होता. समरभाईनं पोराच्या खांद्यावर हात टाकला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, “ये है बुरहानपुर का शेर.”

ज्या दिवशी तो भाग लागला त्या दिवशी त्यांच्या गावात फटाके वाजले.

नंतर दिनेशनं वायरिंगची कामं कमी केली. कुठं साप निघाला की लोक त्याला फोन करत. तो काठी आणि बरणी घेऊन जायचा, साप पकडायचा, लांब नदीकाठी सोडून यायचा. मी त्याच्यावर अन्याय करणार नाही. त्याच्यामुळं आमच्याकडे साप मारणं कमी झालं. चावलेली माणसं तो स्वतःच्या गाडीवर आणायचा. भगताच्या दारात जाऊन भांडून पेशंट उचलून आणायचा. एकदा इच्छापूरकडून एका पोरीला घेऊन आला. मण्यार चावलेली, पापण्या मिटत आलेल्या. रस्ताभर तिच्याशी बोलत आला, तिला झोपू दिलं नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर ती पोर हाती लागली नसती. तिच्या बापानं दिनेशचे पाय धरले.

पण मोबाईल आला होता, आणि दिनेश त्यावर व्हिडिओ टाकायला लागला होता. नुसता साप पकडून सोडला तर बघणारे थोडे. हातात धरून बोललं तर जास्त. गळ्यात घातला तर त्याहून जास्त. दिनेशनं तसाच खाकी रुमाल बांधायला सुरुवात केली. आवाज तसाच खाली आणून बोलायचा. शिकवलेलं सगळं त्यानं शिकून घेतलं, आणि न शिकवलेलंही.

एकदा पेशंट सोडायला आला तेव्हा त्याचं बोट सुजलेलं दिसलं. मी म्हटलं, “काय रे हे?”

“काही नाही सिस्टर, उंदीर चावला.”

“उंदराचा दात ओळखते मी. इकडं ये.”

तो हसला. “छोटासा होता. जास्त विष नाही सोडलं. अब तो आदत हो गई.”

“सापाच्या विषाची सवय होत नाही, दिनेश. झाली असं वाटतं, तेवढंच.”

“समरभाईला किती वेळा चावला! तो तर हसत राहतो.”

“त्याच्या कॅमेऱ्यामागं डॉक्टर उभा असतो. गाडी उभी असते, औषध थंड पेटीत असतं. मी डोळ्यांनी बघितलंय. तुझ्यामागं काय आहे?”

“तुम्ही आहात ना,” तो म्हणाला.

त्यानं ते कौतुकानं म्हटलं होतं. कमलबाईलाही मी सांगितलं, पोराला आवर. ती म्हणाली, “मी काय बोलू? माह्यामुळंच तर त्याले हे वेड लागलं. मी वाचले ना.”

श्रावणातली एक दुपार. कुठल्याशा मंडळाचा सत्कार होता. दिनेशला शाल दिली, आणि लोक म्हणाले, समरभाईसारखं करून दाखव. त्यानं नाग काढला, बोलला, आणि फण्यामागं ओठ टेकवायला वाकला. नाग वळला. खालच्या ओठाला चावला.

मित्र त्याला लगेच घेऊन आले. वेळ कोणी घालवला नाही, भगत नाही, दोरी नाही, सगळं शिकवल्याप्रमाणे. त्यांतल्या एकाच्या हातात मोबाईल होता आणि तो आत येतानासुद्धा चालूच होता. मी तो ओढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

हाता-पायाला चावा असला तर आम्हाला काम करायला थोडी उसंत मिळते. तोंडाला चावला की उसंत नाही. ओठ, जीभ, घसा सगळंच सुजत जातं, आणि श्वासाची वाट तीच. दिनेशचा चेहरा ओळखू येत नव्हता. औषध सुरू केलं. डॉक्टरांनी घशात नळी घालण्याचा प्रयत्न केला, वाट सापडेना, मग गळ्याला छेद देऊन नळी घातली. मी फुगा दाबत राहिले. हा रबरी फुगा म्हणजे बाहेरची छाती. आपण दाबला की पेशंटचा श्वास. दाबताना मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. पापण्या खाली आल्या होत्या, पण आत तो जागा आहे हे मला ठाऊक होतं. नागाच्या विषात माणूस बराच वेळ सगळं ऐकत असतो. म्हणून मी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही.

कमलबाई बागेतून तशीच आली होती, पायाला चिखल. दाराशी उभी राहून तिनं बघितलं आणि मला म्हणाली, “सिस्टर, मले दिल्या व्हत्या ना बाटल्या, त्याच द्या ना याले. त्याच.”

“दिल्या, कमलबाई. त्याच दिल्या.”

“मग?”

माझा हात फुग्यावर चालूच होता. दिवस मावळायच्या आत दिनेश गेला.

काही दिवसांनी वॉर्डातला फोन वाजला. “सिस्टर, मैं समर बोल रहा हूँ.” आवाज टीव्हीतल्यासारखा नव्हता. त्याला कोणीतरी कळवलं होतं. म्हणाला, “गलती कहाँ हुई?”

मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, “समरभाई, तुम्ही तोंडानं एक सांगता आणि हातानं दुसरं. तोंडानं सांगितलेलं आमच्या बायकांनी ऐकलं, म्हाताऱ्यांनी ऐकलं. ती माणसं जगली. पोरांनी तुमचे हात बघितले. साप हातात घेणं सोडा.”

तो म्हणाला, “हाथ में न लूँ तो देखेगा कौन, सिस्टर? और देखेगा नहीं, तो सुनेगा कौन?”

मला राग आला, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आम्ही तक्ते लावून बसलो होतो तेव्हा कोणी ऐकलं होतं? मी एवढंच म्हटलं, “ते तुम्ही शोधा. तुम्हाला लोक बघतात, आम्हाला नाही.”

त्यानं शोधून बघितलं, हेही सांगायला हवं. त्यानंतर त्याचा एक भाग लागला. त्यात त्यानं कुठल्याच जनावराला हात लावला नाही. नुसता दुरून बसून बोलला, फार सुरेख बोलला. शेवटी दिनेशचं नाव घेतलं. मी डोळे पुसत बघितला. दुसऱ्या दिवशी वॉर्डात विचारलं तर कोणीच पूर्ण बघितला नव्हता. “मजा नाही आला सिस्टर,” वॉर्डबॉय म्हणाला. थोड्याच दिवसांत समरभाई पुन्हा पहिल्यासारखा झाला. तो नागिणीच्या फण्यामागं ओठ टेकवताना दिसला आणि मी टीव्ही बंद केला. कमलबाईला तो काही भेटायला आला नाही. धीर झाला नसेल. किंवा वेळ नसेल. मला ठाऊक नाही.

मी निवृत्त झाले आणि त्यानंतर तो गेला. सापानं नाही, वाघानं नाही. शूटिंगवरून परतताना रस्त्यावर गाडीला अपघात झाला. बातमी कळली त्या दिवशी आमच्याकडे लोक हळहळले. बऱ्याच घरांत त्याचं नाव घेणारी, त्याच्या सांगण्यानं जगलेली माणसं होती. शाहपूरला श्रद्धांजली सभा ठरली. सर्पमित्र पोरांनी ठरवली. सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट, त्यावर समरभाईचा फोटो. त्यांचा म्होरक्या पवन माझ्या घरी बोलवायला आला. “सिस्टर मावशी, तुम्हाला दोन शब्द बोलायचे आहेत. आणि दिवा कमलबाईंच्या हातून लावणार. समरभाईने वाचवलेली पहिली बाई म्हणून.”

“तिला विचारलं का?”

“हो. येते म्हणाल्या.”

मला वाटलं ती येणार नाही. पण ती आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. केस पार पांढरे झाले होते. मंडप भरलेला होता. एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, समोर हार घातलेला मोठा फोटो.

मला आधी बोलावलं. रात्रभर मी ठरवत होते की काय बोलायचं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पण मेलेली माणसं दोन होती. मी दोन्ही बोलले. म्हटलं, या माणसानं आमच्या दवाखान्याची वाट लोकांना दाखवली, त्याचं ऋण मी मानते. आणि म्हटलं, याच माणसाच्या हातांकडे बघून आमचा दिनेश गेला, आणि तुम्ही काळे टी-शर्ट घालून बसलेले सगळे त्याच वाटेवर उभे आहात. पहिल्या भागाला टाळ्या पडल्या. दुसऱ्या भागाला काळे टी-शर्टवाले मोबाईल बघायला लागले.

मी खाली बसते न बसते तोच पवन पुढं आला. माईकवर म्हणाला, “आता समरभाईला आपण त्यांच्याच स्टाइलमध्ये सलामी देऊ.” मागून एकानं प्लॅस्टिकची बरणी आणली. पवननं झाकण काढलं, आणि फोटोपुढं नाग उभा केला. मंडपात एकदम शिट्ट्या. सगळीकडे मोबाईल वर झाले. पवन वाकून फण्याच्या मागं तोंड न्यायला लागला.

कमलबाई उठली. मी तिचा हात धरायला गेले, तो हातात आला नाही. ती हळूहळू चालत गेली आणि पवनपासून चार पावलांवर उभी राहिली.

“ठेव त्याले,” ती म्हणाली.

“मावशी, काही नाही होत. तुम्ही मागं व्हा.”

“ठेव म्हणते ना. घाबरेल आहे तो.”

शिट्ट्या थांबल्या. पवननं नागाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“तुह्यी माय कुठं बसेल आहे?” तिनं विचारलं.

पवननं बायांकडे मान वळवली. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत एक बाई पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. तिच्याकडे बघितलं की दुसऱ्या कोणाला विचारायची गरज नव्हती.

“तिच्या डोळ्यासमोर करते रे तू हे?” कमलबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. “मी नव्हती रे तिथं. मी बागेत व्हती. मले नाही पाहावं लागलं. तिले काबरं दाखवते?”

पवननं नाग बरणीत घातला. मग कमलबाईनं काडी पेटवून दिवा लावला. वात नीट पेटेपर्यंत तिथं उभी राहिली, आणि परत येऊन बसली. सभा कशीबशी संपली.

परतताना मी तिला रिक्षात बसवलं. ती म्हणाली, “दिवा लावला, सिस्टर. जीव दिला व्हता त्यानं मले. हात नाही जोडले.”

“बघितलं मी.”

“बरं केलं ना?”

“बरं केलंस,” मी म्हटलं.

मला वाटलं होतं, त्या दिवशी काहीतरी सुटलं. आठवडा झाला असेल. माझी भाची मोबाईल घेऊन आली. “आत्या, तुम्ही यात दिसताय!” मंडपातला तो सगळा प्रसंग कोणीतरी काढलेला होता. कमलबाई बोलते आहे, पाठीमागं दर्दभरी बासरी, खाली हात जोडल्याची चित्रं आणि ‘माँ तो माँ होती है’. लाखो लोकांनी बघितलं होतं. ते पवनच्याच खात्यावर होतं. भाचीनं बोट वर सरकवलं, त्याचा पुढचा व्हिडिओ सुरू झाला. नदीकाठी पवन तोच नाग सोडत होता. सोडण्याआधी त्यानं फणा तोंडाजवळ नेला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, “देखिए, ये डर रहा है.”

मी पवनला फोन लावला. “कमलबाईनं काय सांगितलं होतं रे तुला?”

“मावशी, त्यांच्यामुळेच तर इतके लोक बघून राहिले,” तो म्हणाला. उद्धटपणानं नाही, अगदी आदरानं. “आता सब्जेक्ट पोचतोय लोकांपर्यंत.”

मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याच्या आईचा नंबर मागितला.

तो त्यानं दिला नाही.